निळी पेन्सिल

टोलेडोत, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी,
कुणाच्या तरी गॅरेजात घरसामान विकायला मांडलेलं.
लॉनमोअर, इस्त्री, बोलिंगचे बूट,
आणि टेबलाखाली चपट्या लाकडी पेटीत
एमिल कुयावाची एकशे बारा मूळ चित्रं.
"आजोबांची," मार्सेला म्हणाली, "रोज पेपरात यायची.
पेटीचे चाळीस द्या. कागद तसेच न्या."

मी पेटीचे चाळीस दिले.

छापून आलेली पट्टी वीतभर,
ही मात्र हातभराहून लांब.
जाड पुठ्ठा, कडा चहाच्या रंगाच्या,
मागे सिंडिकेटचा जांभळा शिक्का, थोडा तिरका.
चार चौकटी.
मिस्टर डबिन्स, त्यांची शिडी, एक उपटसुंभ कुत्रा.
पहिलीत शिडी लागते,
चौथीत माणूस पडतो.
एकोणीस वर्षं तो रोज पडला.
रविवारी रंगीत पडला.

विनोद, खरं सांगू, बेताचेच.
पण ती रेघ!
कोटाच्या खांद्यावरून निघते, बारीक, जणू चुकून,
कोपराशी अंगात येते, भरते,
आणि बाहीच्या टोकाशी अशी विरते
की शाई संपली की मुद्दाम, कळू नये.
हे ब्रशचं काम, टाकाचं नव्हे.
माझ्या टॅबलेटवर यासाठी एक बटण आहे.
दाबतो. येत नाही.

बर्फ तर तो काढतच नाही.
आधी सगळी रात्र काळी भरतो,
मग दात घासायच्या ब्रशवर पांढरा घेऊन
अंगठ्यानं शिंतोडे उडवतो.
एक थेंब डबिन्सच्या नाकावर पडलाय.
तो तसाच ठेवलाय.
चुकलं तिथे पांढऱ्याची पुटं, नखाला लागतात.
दिव्यासमोर धरलं तर कुत्र्याला तीन शेपट्या.
दोन त्याला पटल्या नव्हत्या.

मिरजेच्या सायंदैनिकात मी चौकट काढायचो तेव्हा
ब्लॉक करणारे शहाबुद्दीनमामू सांगायचे,
"निळ्यानं आख रे पोरा,
निळं कॅमेऱ्याला दिसत नाय."

कुयावालाही हे कुणीतरी सांगितलं असणार.
सगळी आखणी फिकट निळी,
आणि समासात, कॅमेऱ्याच्या नजरेआड,
त्याच पेन्सिलीनं:
दूधवाला, पासष्ट सेंट.
हात फार मोठा झाला?
मोजे.
एडनाला डॉक्टरकडे, चार वाजता.
एडनाला डॉक्टरकडे.
एडनाला, तीन वाजता.

मग आठवडाभराची चित्रं, समास कोरे.
आणि मग एका पट्टीवर नुसतंच
एडना.
छापायची तारीख तीन आठवडे पुढची.
म्हणजे लोक हसले
ते हे सगळं उरकून गेल्यावर.

भिंग घेतलं.
हात कुठेतरी हलला असेल, म्हटलं,
शाई लबाडी करत नाही.
खांदा, कोपर, बाही.
नाही हलला.
शिडी तेवढी दोन पायऱ्या जास्त उंच,
आणि कुत्रा, जो नेहमी आपल्याकडे बघून हसायचा,
पाठ करून बसलाय.
वाचकांना वाटलं असेल, आजची गंमत हीच.

परवापासून मी कित्ता गिरवतोय.
या वयात, हो.
ब्रश विकत आणला, शाईची दौत आणली,
टेबलावर जुना टॉवेल अंथरला.
बाहेर शेजारचे मिस्टर ओसगुड फावड्यानं बर्फ उपसतात
आणि मी कोटाचा खांदा काढतो,
पुसतो म्हणायची सोय नाही,
म्हणून दुसरा काढतो.

सव्विसावी रेघ कोपरापर्यंत बरी आली.
पुढे बाही आहे, मग हात,
तिथे अजून पोचलो नाही.
कागदाच्या कडेला, सवय नसताना,
निळ्यानं लिहून ठेवलं:
दूध संपलंय.